द्राक्षाला जी तपासणी, ती माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला का नाही? सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय : मंडईत येणाऱ्या भाजीपाल्याची कीटकनाशकांचे अंश आणि जड धातू यांसाठी नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निकाल मंडईतच फलकावर लागावेत.

सविनय नमस्कार,

मागणी वरच्या ओळीत आलीच आहे. या जिल्ह्याला ती मुळीच अवघड नाही, हे सांगण्यासाठी बाकीचं पत्र. तासगावच्या एक्स्पोर्टच्या द्राक्षाची पेटी कुठल्या बागेतली आहे, हे रॉटरडॅमच्या बंदरावर बसलेल्या माणसाला नंबरवरून काढता येतं. मी मात्र पहाटे मंडईतून उचललेली वांगी कुठल्या गावची आणि त्यांवर शेवटचं औषध कधी मारलं, हे मला कुणी सांगू शकत नाही. मी विश्रामबागेत मेस चालवते. इंजिनिअरिंगची पोरं, नोकरीवाले, एकटे राहणारे काही म्हातारे असं माझं गिऱ्हाईक. माहेर तासगाव तालुक्यातलं, दादाची द्राक्षबाग एक्स्पोर्टची. त्यामुळे तपासणी असते तिथे काय होतं तेही मी बघते, आणि नसते तिथे काय चालतं तेही.

दादाच्या बागेची नोंदणी दर हंगामात कृषी खात्याकडे होते आणि अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदीत प्लॉटला नंबर पडतो. औषध कोणतं मारलं, कुठल्या तारखेला, लिटरला किती मिली, हे वहीत लिहावं लागतं. कुठली औषधं चालतात आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबायचं, याची यादी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढतं. काढणीच्या आधी लॅबचा माणूस बागेत येतो, स्वतःच्या हातानं घड तोडतो, पिशवीला सील करतो, सही घेतो. मग रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवत नाही. सॅम्पल पास झालं तर पॅकहाऊसची गाडी येते. फेल गेलं तर वहिनी देवघरात आणि दादा गावात तोंड दाखवत नाही. ‘पीएचआय किती?’, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, हा प्रश्न आमच्या गावात चौथी शिकलेला माणूसही दुकानदाराला विचारतो.

हे शहाणपण कुणाला स्वप्नात सुचलेलं नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे आमच्याकडे ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढ रोखणाऱ्या औषधामुळे, आपल्या द्राक्षाचे कंटेनर युरोपात अडकले. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते औषधच नव्हतं; शोधलं नाही म्हणून सापडलं नाही. बागायतदारांचं कंबरडं मोडलं. त्यानंतर ते यादीत आलं आणि एक्स्पोर्टवाल्यांनी त्यापासून हात राखला. त्यासाठी कुणाला तुरुंगात टाकावं लागलं नाही. तपासणी होणार आणि तिच्यावर भाव ठरणार, हे पक्कं कळलं की शेतकरी एका हंगामात बदलतो. हे या जिल्ह्यात घडलेलं आहे, म्हणून ‘आपल्याकडे असलं काही जमायचं नाही’ हे उत्तर मला कुणी देऊ नये.

आणि रेसिड्यूत, म्हणजे औषधाच्या अंशांच्या तपासणीत, फेल गेलेल्या प्लॉटचा माल कुठे जातो? आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल : देशातल्या बाजारात. युरोपची मर्यादा पुष्कळदा आपल्यापेक्षा कडक असते, त्यामुळे तिकडे नापास झालेलं सगळंच इथे बेकायदा ठरत नाही, हे खरं. पण इथल्या मर्यादेत तरी तो बसतो का, हे बघायला वाटेत कुणी उभं असलेलं मला दिसलेलं नाही.

आता माळव्याकडे येते.

कृष्णाकाठचं वांगं म्हणजे सांगलीचा अभिमान. भरलेलं असो की भरीत, आठवड्यातून दोनदा माझ्याकडे होतंच. पण वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते. ती एकदा आत शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिला लागत नाही, म्हणून शेतकरी ती शिरायच्या आधीपासून फवारत राहतो. या अळीसाठी सर्रास चालणारं एक औषध आहे, क्लोरँट्रानिलिप्रोल. त्याच्या लेबलवर वांग्यासाठी थांबायचा काळ २२ दिवस दिलेला आहे, भेंडीसाठी ५ दिवस. आता वांग्याचा तोडा असतो चार-पाच दिवसांनी आणि भेंडीचा एक दिवसाआड. भेंडी पाच दिवस झाडावर ठेवली तर ती जून होते, मोडायला गेलं तर वाकते. ती बियाणालाच ठेवायची. म्हणजे लेबल पाळायचं तर एका फवारणीमागे वांग्याचे चार-पाच तोडे बांधावर टाकायचे. कोण टाकणार? ज्याला कधी कधी क्रेटमागे गाडीभाडंही सुटत नाही, तो?

म्हणून शेतकऱ्याला शिव्या देणारी पत्रं मी वाचून बाजूला ठेवते. चार-पाच दिवसांनी तोडायच्या पिकाला बावीस दिवसांचं औषध दुकानातून दिलं जातं, देताना तो आकडा कुणी तोंडानं सांगत नाही, लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी. शेतकऱ्यानं करायचं काय? हे औषध माणसाला त्यातल्या त्यात सौम्य, हेही मान्य. पण पंपात ते पुष्कळदा एकटं नसतं. दुकानदार ‘याच्या जोडीला हे टाका, रिझल्ट चांगला येतो’ म्हणून दुसरी बाटली देतो, आणि ती ऑर्गनोफॉस्फेट गटातली असली की गोष्ट बदलते. ही औषधं किड्याच्या मज्जासंस्थेवर जे काम करतात तेच माणसाच्याही करतात, फरक फक्त मात्रेचा. त्याच गटातल्या क्लोरपायरिफॉसला युरोपनं २०२० मध्ये दार बंद केलं, कारण लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो अशी शंका होती आणि सुरक्षित मात्रा ठरवता येईना. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी होती. इतर पिकांसाठी मात्र ते दुकानात मिळत राहिलं, ते थेट २०२३ मध्ये त्याच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश निघेपर्यंत. मधल्या अठरा वर्षांत कापसाच्या नावानं घेतलेली बाटली भेंडीच्या रानात रिकामी होत नाही ना, हे कुणी बघायचं होतं? २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून हेच औषध पोटात गेलं आणि २३ मुलं दगावली. तिथला प्रकार वेगळा होता, जेवणाच्या तेलातूनच ते आलं होतं. पण रोज दुसऱ्याच्या पोरांना जेवायला घालणाऱ्या बाईला ती बातमी विसरता येत नाही.

फवारणाऱ्याचं काय होतं ते २०१७ मध्ये यवतमाळनं दाखवलं. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. म्हणजे ही लढाई शेतकरी विरुद्ध खाणारा अशी नाहीच. विष पहिल्यांदा पंप पाठीवर घेणाऱ्याच्या अंगावर उडतं, माझ्या ताटात ते नंतर येतं.

साहेब, किंवा मॅडम, एकदा पहाटे मंडईत या. क्रेटमधलं एक वांगं उचलून उलटं करा आणि देठाच्या हिरव्या टोपीखाली बॅटरी मारा. तिथे पांढुरके ओघळ वाळलेले दिसतात. बाहेरचे नळाखाली जातात, टोपीखालचे नखानं खरवडावे लागतात. आमच्याकडे म्हणून टोपी ठेवून वांगी भरायची पद्धत मी बंद केली, पोरं कुरकुरली तरी. गवारीची ओंजळ नाकाशी नेली तर कधी कधी पंपाचा वास येतो. विकणारा म्हणतो, ‘मावशी, पोत्याचा वास तो.’ असेलही. मला कळायला मार्ग नाही, आणि त्यालाही नाही. माल त्याच्याकडे रात्रीच उतरलेला.

धुण्याबद्दल लोक फार विचारतात, म्हणून दोन शब्द. वाहत्या पाण्यात चोळून धुतलं की पृष्ठभागावरचं बरंच निघतं. कोबीची बाहेरची पानं काढून टाकावीत, फ्लॉवरचे तुरे सुटे करून मगच धुवावेत. पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात असतं, तिथे मीठ, व्हिनेगर, खायचा सोडा कुणाचं काही चालत नाही. आणि भाजीच्या आत गेलेले धातू तर उकळलं तरी जागचे हलत नाहीत. बाकी भेंडीचा हिरवा रंग कापसानं पुसून दाखवणारे व्हिडिओ मलाही रोज येतात. तो प्रकार होत असेल तिथे पकडलाच पाहिजे. पण पुसून निघणारा रंग हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि नेमकी त्याचीच चर्चा होते.

मेसचा परवाना घेतला तेव्हा मला नियम समजावून सांगितले गेले. पाण्याची तपासणी करून घ्यायची. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, हा नियम २०१८ पासून आहे. नोंदणीचा क्रमांक दिसेल असा लावायचा. यात गैर काही नाही, मी सगळं पाळते. पण पाणी तपासलेलं, तेल तपासलेलं आणि त्यात पडणारी भाजी रामभरोसे, हा हिशेब मला पटत नाही. मग म्हटलं, आपणच तपासून घ्यावी. एका खासगी लॅबला फोन केला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, ‘मॅडम, कशासाठी तपासायचीय? कीटकनाशकं वेगळी, धातू वेगळे.’ दोन्हींचा मिळून खर्च ऐकला आणि फोन ठेवला. एका पालकाच्या नमुन्याला माझ्या आठवड्याच्या भाजीपेक्षा जास्त पैसे पडत होते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नं ग्राहकाला फी भरून नमुना तपासून घ्यायचा हक्क दिला आहे, हे मला माहीत आहे. पण हक्क असा असून उपयोग काय? रिपोर्ट यायच्या आत पालक पोरांच्या पोटात गेलेला असतो.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. २००६ चा हा कायदा शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतातल्या पिकाला लागू नाही. कलम १८ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. माल शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेला की मात्र तो ‘अन्न’ होतो आणि कायदा सुरू होतो. म्हणजे कायदा नेमका कुठे सुरू होतो? सौद्याच्या ओट्यावर. अडत्याच्या गाळ्यात. नमुना घ्यायची जागा तीच.

आणि तिथे माग काढायची सोयही आयती आहे. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी होते : नाव, गाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई. द्राक्षासाठी ग्रेपनेट उभं करावं लागलं, माळव्याची पट्टी आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली आहे. नमुन्याच्या पिशवीवर पट्टीचा नंबर टाकला की काम झालं.

आतापर्यंत औषधांबद्दल लिहिलं, कारण ती लोकांच्या बोलण्यात असतात. धातूंबद्दल कुणी बोलत नाही.

कीटकनाशक उशिरा का होईना मोडून जातं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम मोडत नाहीत. जमिनीत आले की तिथेच राहतात. शेरीनाला काय आहे ते आपल्याला सांगायला नको. शहराचं सांडपाणी त्यातून कृष्णेत जातं आणि ते धुळगावकडे उचलून, शुद्ध करून शेतीला द्यायची योजना किती वर्षं वर्तमानपत्रात वाचतो आहोत. सांडपाणी शेतीला देण्यात पाप नाही. त्यात नत्र असतं, स्फुरद असतं, उन्हाळ्यात कुणाला नको आहे? अडचण तेव्हा होते, जेव्हा न्हाणीघरातलं पाणी आणि कारखान्यातलं पाणी एकाच नाल्यातून येतं. प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमियम आणि निकेल, जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथलं शिसं, हे शुद्धीकरण केंद्रात नाहीसं होत नाही. ते गाळात उतरतं, आणि गाळ खत म्हणून रानात गेला की पुन्हा आपल्याच वाटेला लागतं. २०२३ च्या मार्चमध्ये नदीत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा सगळा जिल्हा काठावर गेला होता, प्रकरण हरित लवादापर्यंत पोहोचलं. मासा मेला की वर येतो आणि सगळ्यांना दिसतो. तेच पाणी मोटरनं उचलून ज्या वाफ्यांत सोडलं जातं तिथला पालक हिरवागारच असतो.

सगळ्या भाज्या सारख्या नसतात, हे इथे सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच घाबरतील. पालेभाज्या आणि मुळं धातू जास्त उचलतात : पालक, पोकळा, मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर, बीट. दोडका, वांगं, टोमॅटो, गवार यांच्या फळापर्यंत ते त्या मानानं कमी पोहोचतात. शिसं मुळातून सहज वर चढत नाही. पालेभाजीवर ते मुख्यतः धुळीतून बसतं. पेट्रोलमधलं शिसं २००० मध्ये बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीतलं कुठे गेलेलं नाही. ते धुऊन बरंच जातं, म्हणून रस्त्याकडेच्या रानातली मेथी दोन पाण्यांऐवजी चार पाण्यांतून काढावी. कॅडमियमचं तसं नाही. ते जस्तासारखं असल्यामुळे झाड त्याला जस्त समजून आत घेतं. ते नुसतं कारखान्यातूनच येतं असंही नाही. स्फुरदाच्या खतांत, ज्या खडकापासून ती बनतात त्या खडकातूनच, ते थोडं थोडं येत असतं. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. एवढंसं दिसतं, पण त्याला कारण आहे : शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं कमी व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरांत, आणि भात ताटात. बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंसुद्धा मोडत. इताई-इताई हा तो आजार. १९६८ मध्ये जपान सरकारनं तो प्रदूषणातून झाल्याचं मान्य केलं, तोवर अर्धशतक उलटून गेलं होतं.

सांगलीचं जिंझू झालंय असं मी म्हणत नाही. उलट एक जमेची बाजू आहे. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर. अशी जमीन कॅडमियम घट्ट धरून ठेवते, झाडाला सहज देत नाही. पण मिरज, पलूस, वाळवा भागात पाणी जास्त देऊन देऊन क्षारपड झालेली रानं आहेत, आणि जमिनीतलं क्लोराइड वाढलं की तेच धरलेलं कॅडमियम सुटतं आणि मुळाकडे सरकतं. मग आपल्या जिल्ह्यात नेमकं काय चाललंय? जमीन धरतेय की सोडतेय? मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. त्यात बारा गोष्टी तपासतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. पिकाला काय कमी पडतंय ते सगळं कळतं. खाणाऱ्याला काय जास्त होतंय, तो रकानाच त्या कार्डावर नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी नदीकाठच्या रानांत किती गाळ आणून टाकला ते आपल्याला माहीत आहे. त्या गाळात शहरातून, कारखान्यांतून वाहून काय काय आलं, हे त्याच रानात पुन्हा पोकळा पेरायच्या आधी बघायला नको?

आता तब्येतीबद्दल. मी डॉक्टर नाही, आणि ‘भाजी खाल्ल्यानं कॅन्सर’ असल्या मथळ्यांचा मला तिटकारा आहे. मर्यादा ओलांडली म्हणजे त्या जेवणानं कुणी आजारी पडतं असं नाही. मर्यादा ठरवताना बरीच मोकळीक ठेवलेली असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळं खा म्हणते आणि ते बरोबरच आहे. न खाल्ल्याचा तोटा खाल्ल्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा. पण तीन गोष्टी मला स्वस्थ बसू देत नाहीत. एक, शिशाच्या बाबतीत मुलांसाठी सुरक्षित अशी पातळीच नाही, हे तीच संघटना सांगते. दुसरी, थोडं थोडं रोज जाणारं कुठल्याच रिपोर्टमध्ये ‘कारण’ म्हणून लिहिलं जात नाही. मूत्रपिंड गेलेला माणूस मिरजेला डायलिसिसला येतो, साखर आणि रक्तदाब लिहिला जातो, त्याच्या रानातलं पाणी कुणी विचारत नाही. आणि तिसरी सगळ्यात वाईट. अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम आणि शिसं जास्त शोषून घेतं. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारचंच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. त्या बाईला आपण काय सांगतो? रोज पालक खा. चांगलाच सल्ला आहे तो, पण मग तो पालक बघून देणं आपल्याकडे लागतं.

हे सगळं आपल्यालाच का लिहितेय? कारण कुठल्याही एका कचेरीत गेलं की दुसरीकडे बोट दाखवलं जातं. औषधाची दुकानं कृषी खात्याकडे, मंडईतला माल अन्न व औषध प्रशासनाकडे, नाला महापालिकेकडे, कारखान्याचं पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मंडई बाजार समितीकडे. भाजी मात्र या सगळ्यांच्या हद्दीतून एका रात्रीत ये-जा करते. सुरक्षित अन्न व निकोप आहार जिल्हास्तरीय सल्लागार समितीचं अध्यक्षपद आपल्याकडे, जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव आपण. या सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवू शकेल असं जिल्ह्यात दुसरं पद नाही.

करायचं काय, तेही थोडक्यात लिहिते, कारण नुसतं रडगाणं मलाही आवडत नाही. केरळ कृषी विद्यापीठाची वेल्लायणीची प्रयोगशाळा बाजारातल्या भाज्यांचे नमुने तपासून ‘सेफ टू ईट’ नावानं अहवाल लोकांसमोर ठेवते : कुठल्या भाजीत काय सापडलं, कुठल्या भाजीत सापडलं नाही. तेच इथे सौद्यावर करा. दर आठवड्याला मोजके नमुने पुरेत, हंगामाप्रमाणे भाजी बदलत. फलकावर भाजीचं नाव आणि तालुका लावा, शेतकऱ्याचं नाव नको. पहिल्यांदा नापास झालेल्याच्या दारात पोलीस नको, कृषी सहायक जाऊ दे, त्याची औषधाची बिलं बघू दे आणि दुकानदाराला विचारू दे की हे कशासाठी दिलंस. दुकानाच्या बिलावर औषधाच्या नावापुढे पीक आणि थांबायचे दिवस मराठीत, ठळक छापायला लावा. याला तर खर्चही नाही. वांगी, भेंडी, गवार अशा वरचेवर तोड्याच्या पिकांना कमी दिवसांची औषधं, किडीला वासानं ओढून पकडणारे कामगंध सापळे, निंबोळी अर्क यांचं वेळापत्रक द्राक्षासारखं छापून गावोगाव द्या. पास झालेल्या मालाला वेगळा ओटा मिळाला तर मी पहिल्या दिवसापासून दोन रुपये जास्त देऊन तिथून घेईन, आणि माझ्यासारख्या मेसवाल्या, हॉटेलवाले, वसतिगृहं या शहरात कमी नाहीत.

धातूंसाठी दर आठवड्याला काही करायची गरज नाही. वर्षातून एकदा नाल्याकाठची, औद्योगिक वसाहतींच्या ओढ्यांलगतची, पुराखाली गेलेली आणि क्षारपड अशी रानं निवडून माती, पाणी आणि पालक, तिन्ही तपासा. जिथे जास्त निघेल तिथल्या शेतकऱ्याला रान पडीक टाकायला सांगू नका. तिथे पालेभाजीऐवजी ऊस, फुलं, झालंच तर दोडका घेता येतो. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आपल्या दारात आहे. त्या भागातल्या शाळकरी मुलांच्या रक्तातलं शिसं एकदा मोजायचं काम त्यांना द्या.

निकाल चांगले आले तर सगळ्यात जास्त आनंद मला होईल. ‘कृष्णाकाठची तपासलेली वांगी’ असा फलक मीच मेसच्या दारात लावेन.

बैठक लावलीत तर मंडईतले दोन अडते, एक वांगीवाला शेतकरी आणि एक औषध दुकानदार यांना जरूर बोलवा. नुसते अधिकारी बसले तर पुन्हा बोटंच दाखवली जातील. मला बोलावलंत तर दुपारी तीननंतर कधीही येईन. त्याआधी डबे असतात.

आपली,
विश्रामबागेतली एक मेसवाली